खाऱ्या पाण्याची टाकी आधी मुरू द्या

किनारपट्टीवरील एका प्रशिक्षण वर्गात एका तरुण शेतकऱ्याने आपल्या नव्या टाकीची दोन छायाचित्रे मला दाखविली. पहिल्यात नितळ पाणी, जांभळट खडक आणि सहा क्लाऊनफिश होते. दुसरे त्यानंतर बारा दिवसांनी काढलेले. त्यात खडक तेवढे उरले होते. मासे कोणत्या रोगाने मेले, असे त्याने विचारले. ते रोगाने मेले असावेत असे मला वाटले नाही. टाकीत पाणी भरल्याच्या तिसऱ्या दिवशी मासे सोडलेले, आणि अमोनिया एकदाही मोजलेला नव्हता. "पाणी तर काचेसारखं होतं," हे त्याचे म्हणणे खरे होते. परंतु अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

अशी छायाचित्रे यापुढे अधिक दिसतील. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाला, गोड्या आणि सागरी अशा दोन्ही प्रकारांत, साहाय्य मिळते; सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे, आणि लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर महिलांचे गट शोभिवंत कोळंबी वाढवीत आहेत. पिल्ले मिळविण्याचा प्रश्न सुटत चालला आहे. ती सोडण्यापूर्वीच्या पहिल्या सहा आठवड्यांविषयी मात्र आपण विस्तार कार्यकर्ते फारच थोडे बोलतो.

त्या सहा आठवड्यांत जे घडते ते शेतकऱ्याला मुळीच अपरिचित नाही. युरियातील नत्राचे जमिनीत आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते. तेच कार्य टाकीतही होते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. शेतात आपल्याला हे कार्य सावकाश हवे असते, म्हणून २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. टाकीत तेच कार्य वेगाने हवे असते, आणि नेमके तिथेच ते सुरुवातीला होत नाही, कारण हे जिवाणू फार मंद गतीने वाढतात. दुधाला विरजण लावले की सकाळी दही तयार, तसा हा प्रकार नाही.

खाऱ्या पाण्यात चूक अधिक महाग पडते. गोड्या पाण्याचा सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी, वायुरूप अवस्थेत असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. आपल्याकडच्या उष्ण हवामानात तिथे हा भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. गोड्या पाण्यातील मासे निभावून नेतील तेवढा अमोनिया इथे घातक ठरू शकतो. नायट्राइटचे मात्र उलट आहे. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे गोड्या पाण्यात आढळणारा तपकिरी रक्ताचा विकार इथे क्वचितच दिसतो. तरीही नायट्राइट मोजायचेच, कारण ते शून्यावर येणे ही जिवाणूंचा दुसरा गट कामाला लागल्याची खूण आहे.

परदेशी पुस्तके यावर एक सोपा उपाय सांगतात: लाईव्ह रॉक, म्हणजे प्रवाळभित्तीतून काढलेला सच्छिद्र खडक. त्याच्या पृष्ठभागावर नत्रीकरण करणारे जिवाणू असतात आणि आतल्या प्राणवायूविरहित पोकळ्यांत नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करणारे. उपाय परिणामकारक आहे, हे मान्य करायला हवे. परंतु बहुतांश लाईव्ह रॉक म्हणजे मृत प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि भारतात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीतील गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. प्रवाळ मेलेला आहे, हा बचाव चालत नाही. अनुदान घेऊन जोडधंदा करू पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपण या वाटेवर पाठवावे काय?

कायदा बाजूला ठेवला तरी कारण उरतेच. मन्नारच्या आखातात पूर्वी चुना आणि सिमेंटसाठी प्रवाळ खणून काढला जात असे. तेथील २१ बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली, आणि त्यामागे हे खणन असल्याचे मानले जाते. किनाऱ्याची धूप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आणि तो खडक लागतोच असेही नाही. जिवाणूंना हवा असतो खडबडीत पृष्ठभाग, प्राणवायू आणि अन्न. अमोनियावर जगणारा एक महत्त्वाचा सागरी सूक्ष्मजीव २००५ साली शास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा केला, तो अमेरिकेतील सिएटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतील खडीतून! आपल्याकडे झिलई नसलेल्या भाजक्या कौलांचे तुकडे आहेत, खाण्याच्या कालवांचे उकळून, घासून वाळविलेले शिंपले आहेत. सिमेंटचे कृत्रिम खडक वापरायचे असतील तर ते आधी काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी पुनःपुन्हा बदलून, सामू स्थिर झाल्यावरच वापरावेत. ताजे सिमेंट सामू भयंकर वाढविते.

अन्न म्हणून कल्हईवाल्यांच्या ओळखीचा नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड. बाजारातील खडा न घेता प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. २०० लिटर पाण्याला सुमारे दीड ग्रॅम टाकला की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र मिळते. क्षारता ३० ते ३५, तापमान २६ ते २८ अंश, हवेचा पंप अहोरात्र चालू आणि दिवे बंद. विरजण म्हणून एखाद्या चालू, निरोगी टाकीतील मूठभर खडी किंवा स्पंजचा तुकडा आणावा. तिथे अलीकडे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता काय, हे आधी विचारावे, अन्यथा जिवाणूंबरोबर परजीवीही घरी येतो. बाटलीबंद जिवाणू मिळतात. काही चांगले, काही नुसते पाणी. बाटलीवरच्या दाव्यावर न जाता चाचणीवर विश्वास ठेवावा.

मग मोजत राहायचे. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, आणि तो बराच काळ तिथेच अडून बसतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. याच सुमारास सामूही घसरू शकतो, कारण १ ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी खर्च होते. सामू ८ च्या खाली आल्यास थोडा खाण्याचा सोडा विरघळवून घालावा. अमोनियाची पूर्ण मात्रा टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, आणि दुसऱ्या दिवशी तसेच पुन्हा घडले, तर टाकी मुरली. खाऱ्या पाण्यात याला चार ते सहा आठवडे, कधी अधिकही लागतात. त्यानंतर निम्म्याहून अधिक पाणी बदलून नायट्रेट कमी करावे आणि मासे थोडे थोडे सोडावेत. पिल्ले यायला उशीर होत असेल तर नवसागराची छोटी मात्रा चालू ठेवावी. उपाशी जिवाणू टिकत नाहीत.

टाकी मुरविण्यासाठी स्वस्तातले मासे 'बळी' म्हणून सोडण्याची प्रथा काही विक्रेते सुचवितात. दीड ग्रॅम नवसागर जे करतो त्यासाठी जीव मारणे मला क्रूर वाटते आणि अडाणीपणाचेही.

खरी अडचण शेतकऱ्याच्या धीराची नाही, आपल्या कामाच्या पद्धतीची आहे. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला भरलेल्या टाकीत पोहणारे मासे हवे असतात. रिकामी टाकी म्हणजे अपूर्ण काम, असा शेरा पडतो. म्हणून लाभार्थी पाहणीच्या आदल्या आठवड्यात मासे आणतो, छायाचित्र निघते, हप्ता मिळतो, आणि पंधरा दिवसांनी टाकी पुन्हा रिकामी होते. उत्तम कुजलेल्या शेणखताचा आग्रह धरणारे आपणच इथे कच्चे खत घालायला लावतो.

सागरी टाक्यांची पहिली पाहणी पाणी भरल्यापासून ४५ दिवसांच्या आत करू नये, अशी माझी सूचना आहे. पाहणीत चाचणीची वही मागावी: दिनांक, तापमान, सामू, अमोनिया, नायट्राइट, इतके पाच रकाने पुरेत. सलग दोन दिवस शेवटचे दोन रकाने शून्य असतील तर पिल्लांच्या खरेदीचा हप्ता सोडावा. चाचणीसंच प्रत्येकाने घेण्याची गरज नाही; गावातील चार-पाच टाक्यांना मिळून एक संच पुरतो, आणि तो बचत गटाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात ठेवता येईल.