दिव्याचे आयुष्य आणि दिव्याचा धंदा

एलईडी दिवा स्वस्त झाला, वर्षानुवर्षे टिकू लागला आणि त्यामुळे प्रकाशाचा धंदाच आटला, असा एक पूर्वपक्ष उद्योगवर्तुळात मांडला जातो. जुन्या दिग्गजांनी या व्यवसायातून अंग काढून घेतले, हा त्याचा मुख्य पुरावा. घटना खऱ्या आहेत. १८९१ मध्ये आइंडहोवनला दिवे बनवण्यासाठीच स्थापन झालेल्या फिलिप्सने २०१६ मध्ये दिव्यांचा विभाग स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात आणला व २०१८ मध्ये त्याचे नाव सिग्निफाय झाले. ओसरामने घरगुती दिव्यांचा व्यवसाय लेडव्हान्स या नावाने वेगळा काढून २०१७ मध्ये चिनी गुंतवणूकदारांच्या गटाला विकला. एडिसनचा वारसा सांगणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकनेही २०२० मध्ये हा विभाग सॅव्हंट या कंपनीच्या हवाली केला.

या घटनांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही, कारण त्यात प्रकाश पुरवणे आणि जळालेल्या दिव्याच्या जागी दुसरा दिवा विकणे या दोन भिन्न व्यवसायांची गल्लत आहे. दुसऱ्या व्यवसायाचा पाया कसा घातला गेला, हे १९२४ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या फीबस या कार्टेलच्या, म्हणजे स्पर्धक उत्पादकांनी संगनमताने बाजार वाटून घेण्याच्या व्यवस्थेच्या, इतिहासात दिसते. ओसराम आणि फिलिप्स तिच्यात होत्या. तिने तापलेल्या तारेवर चालणाऱ्या बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि अधिक टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्यांना दंड ठरवला. रोज पाच तास लावलेला असा बल्ब २०० दिवसांत जातो. तार जास्त टिकवायची तर ती कमी तापवावी लागते आणि तेवढ्याच विजेत प्रकाश कमी मिळतो, हे समर्थकांचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून होते. पण बाजाराच्या वाटणीचे समर्थन त्यातून होत नाही. दिवा वारंवार मरावा, या गरजेवर उभे असलेले उत्पन्न एलईडीने संपवले असेल, तर ग्राहकाने त्याचा शोक का करावा?

शिवाय प्रकाशातून बाहेर पडणे म्हणजे सुरक्षित किनारा गाठणे, हेही खरे नाही. अमेरिकेतील क्री कंपनीने २०१९ मध्ये दिव्यांचा आणि २०२१ मध्ये एलईडीचा व्यवसाय विकला, वुल्फस्पीड हे नाव घेऊन सिलिकॉन कार्बाइडच्या अर्धवाहकांवर सारे लक्ष केंद्रित केले, आणि जून २०२५ मध्ये तिला दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

भारतात धंदा आटल्याचा हाच आक्षेप स्वस्त एलईडी बल्ब वाटणाऱ्या उजाला योजनेवर घेतला जातो. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेसाठी ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभरची मागणी एकत्र करून खरेदी केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपये असलेला बल्बचा खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. उत्पादकांचा नफा त्यात आक्रसला, हे मान्य करावे लागते. परंतु जुन्या बल्बऐवजी कमी वीज खाणारा एलईडी दिवा ३६ कोटींहून अधिक संख्येने वाटला गेला, तो याच दरामुळे.

खरा दोष आहे तो दिव्याच्या रचनेत. एलईडीची चिप सहसा एकदम बंद पडत नाही, तिचा प्रकाश हळूहळू मंदावतो, आणि तो मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ तिचे आयुष्य मानला जातो. खोक्यावरचे २५,००० तास बहुधा चिपच्या हिशेबाने छापलेले असतात. बल्ब त्याआधीच बंद पडतो तेव्हा अनेकदा निकामी झालेला असतो ड्रायव्हर, म्हणजे घरातील विजेचे चिपला मानवणाऱ्या प्रवाहात रूपांतर करणारा छोटा विद्युत परिपथ. आणि तो डकवलेल्या कवचात कोंडलेला असल्याने चांगल्या चिपसह सारा बल्ब कचऱ्यात जातो. म्हणजे जुनी १,००० तासांची मर्यादा दुसऱ्या वेशात परत येते.

याला पर्याय नाही असे नाही. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाशी फिलिप्सने असा करार केला, की विमानतळाने वापरलेल्या प्रकाशाचे पैसे द्यावेत आणि दिव्यांची मालकी फिलिप्सकडेच राहावी. दुरुस्तीचा खर्च स्वतःवर येताच कंपनीने सुटे भाग सहज काढता येतील असे दिवे तयार केले आणि ते ७५ टक्के अधिक टिकतील, असे जाहीर केले. मालकी बदलताच रचना बदलली, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रत्येक घराशी असा करार होणार नाही. पण ड्रायव्हर पेचकसाने उघडून बदलता यावा आणि त्याचे आयुष्य चिपच्या आयुष्याशेजारी खोक्यावर वेगळे छापले जावे, एवढी सक्ती ३८ रुपयांचा दर मिळवणाऱ्या सरकारी खरेदीदाराला निविदेच्या अटींतच करता येते.