फोन घरांत आला. विद्या आली काय?

“गुरुजी, आतां शाळेची गरज ती काय? सारें फोनवर मिळतें,” असें गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या पारावर एका कुणबी गृहस्थानें आम्हांस तोंडावर ऐकविलें. बोलणारा मनुष्य भला व कष्टाळू आहे. त्याच्या डाळिंबावर तेल्या पडला, तेव्हां त्यानें फोनवरच परजिल्ह्यांतील शेतकऱ्याची बाग पाहिली, फवारणी समजून घेतली, आणि छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेण्यापूर्वी औषधांत बुडवून घ्यावयास तो शिकला. तेव्हां त्याची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु हा प्रश्न आतां गांवोगांव ऐकूं येतो, म्हणून त्याचें उत्तर जाहीरपणें देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

प्रथम जें चांगलें तें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. आमच्या वाडवडिलांना विद्येचें दार बंद होतें. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या, तेव्हां लोकांनीं त्यांचा छळ केला. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा हुकूम काढला, तेव्हां कोठें कुणब्या-कारागिरांच्या पोरांना शाळेची वाट राजरोस मोकळी झाली. आम्ही स्वतः अध्यापक विद्यालयांत शिकत असतां एखादा ग्रंथ पाहावयाचा म्हणजे जिल्ह्याच्या गांवीं एस.टी.नें जावें लागे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें आणि तेंच ज्ञान झोपडींत येऊन बसलें. सुताराचा मुलगा परप्रांतांतील कारागिराचा सांधा पाहून शिकतो. जी कसबाची गोष्ट बाप फक्त लेकाला सांगे, ती आतां कोणाच्याही लेकीला पाहतां येते. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु दार उघडलें म्हणजे सारे आंत गेले असें होत नाहीं. २०२० च्या मार्चांत कोरोनामुळें शाळा बंद पडल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असें सांगण्यांत आलें. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांतील खेड्यांत शंभरांपैकीं सुमारें १५ घरांतच इंटरनेटची सोय होती. शहरांत ती ४२ घरांत होती. आमच्या तिसरींतल्या एका मुलीच्या घरीं एकच फोन. तो बापाबरोबर सकाळीं कामावर जाई. रात्रीं तो परत आला म्हणजे प्रथम थोरल्या भावाचा अभ्यास, आणि हिची पाळी येईपर्यंत बॅटरी तरी संपे, नाहीं तर पोर तरी झोपे. १ डिसेंबर २०२१ रोजीं खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, तेव्हां ती चौथींत बसली होती. पण हातच्याची वजाबाकी ती पार विसरली होती. धडे आम्हीं रोज पाठविले होते. ते पोंचलेही होते. पण ती कोठें अडली हें आम्हांस दिसलें नाहीं, आणि फोनला तर तें दिसतच नाहीं. यांत आमचाही दोष आहे. तो आम्ही लपवीत नाहीं.

आतां फोन पुष्कळ झाले. मग अडचण मिटली काय? ‘असर’ या नांवाची पाहणी २०२३ सालीं २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या खेड्यांतून १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची झाली. त्यांतील सुमारें ९० टक्क्यांच्या घरीं स्मार्टफोन होता व तो त्यांना चालवितां येत होता. परंतु त्याच मुलांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या भाषेंतील दुसरीच्या इयत्तेचा मजकूर नीट वाचूं शकला नाहीं! फोन चालविणाऱ्या शंभर मुलग्यांत सुमारें ४४ जणांचा फोन स्वतःचा होता. शंभर मुलींत तो फक्त २० जणींचा. वाचकहो, हे आंकडे दोनदां वाचा. यंत्र घरांत आलें, पण अक्षर आलें नाहीं; आणि जें आलें तें प्रथम मुलाच्या हातीं गेलें, मुलीच्या नाहीं.

याचें कारण उघड आहे. ज्याला वाचतां येतें त्याला फोन ग्रंथालय आहे. ज्याला येत नाहीं त्याला तो तमाशा आहे. हीं चित्रें फुकट दाखविणाऱ्या कंपन्यांना पैसा जाहिरातींतून मिळतो, म्हणून ज्यावर मुलाचे डोळे अधिक वेळ खिळतील तेंच त्याच्यापुढें पुनः पुनः येतें. तें त्याच्या हिताचें आहे कीं नाहीं, याची त्यांना पर्वा नाहीं. शिवाय विद्येचे नवे शेटजीही निघाले आहेत. आमच्या ओळखीच्या एका शिंपी बंधूच्या घरीं एक विक्रेता आला. “मुलाला मागें ठेवणार काय?” असें विचारून त्यानें वर्षाचा अभ्यासक्रम हप्त्यांवर गळ्यांत बांधला. मुलानें तो दोन महिने पाहिला. हप्ते मात्र बारा महिने गेले. पूर्वी कर्जाचा कागद वाचतां येत नसे म्हणून आमचे लोक फसत. आतां कागद फोनवर आला आहे व अंगठा कांचेवर उमटतो, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, गुरुजींना आपल्या नोकरीची भीति वाटते. तसें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचें काम केलें व २०२० सालीं त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालें. तेथें यंत्र उपयोगी पडलें, कारण यंत्राच्या मागें मुलाला ओळखणारा शिक्षक उभा होता. आम्हांस फोन नको असें नाहीं. शिक्षकाच्या जागीं फोन नको, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आणि ही गोष्ट आजच बोलण्याचें कारण असें. २०२३ सालीं राज्याच्या शिक्षण खात्यानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा बहुतेक वाड्या-वस्त्यांवरच्या आहेत. वाडीवरची शाळा गेली तर मुलगा कदाचित् दूर जाईल; मुलगी घरीं राहील. अशा वेळीं तुम्हीच पारावर बसून “शाळेची गरज ती काय” म्हणूं लागलां, तर उद्यां शाळेला कुलूप लावणाऱ्यास दुसरा पुरावा शोधावयास नको.

तेव्हां आमची विनंती इतकीच. रोज एक तास फोन मुलीच्या हातीं, ठरल्या वेळीं द्या, आणि तो तास भावानें मोडूं नये. तिनें जें पाहिलें तें तिच्या तोंडून ऐका. सांगतां आलें तरच तें शिकलें. फोनवर आलेली गोष्ट खरी मानण्यापूर्वी ती कोणी सांगितली व त्यांत त्याचा लाभ काय, हें विचारावयास मुलांना शिकवा. हप्त्याच्या कागदावर अंगठा टेकण्यापूर्वी तो शाळेंत आणून दाखवा. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला या. तेथें पालकांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

असो. त्या डाळिंबवाल्या बंधूला आम्हीं एकच विचारलें, “बाटलीवरचें औषधाचें नांव कोणी वाचलें? लिटरला किती ग्रॅम, म्हणजे टाकीला किती, हा हिशेब कोणी केला?” तो म्हणाला, “मीच. सातवी शिकलों आहें.” कोणत्या शाळेंत, हें त्याला विचारावें लागलें नाहीं. ती पारासमोरच आहे, आणि त्याची नात तींत पहिलींत बसते. ती शाळा राहावी, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.