सैनिकाचे दात आणि हृदय

धरणगावचे नाव लष्करी इतिहासात नोंदले गेले ते 1825 साली, जेव्हा लेफ्टनंट जेम्स औट्राम यांनी खानदेशातील भिल्लांना फौजी शिस्त लावून येथे भिल्ल पलटणीचे मुख्य ठाणे केले. त्या काळच्या फौजांत शाबूत दातांवाचून शिपायाचे चालत नसे. कागदी काडतुसाचे टोक दातांनी तोडून त्यातील दारू बंदुकीच्या नळीत ओतावी, तेव्हा कोठे बार उडे. बंदुका बदलल्या, तरी शिरस्ता टिकला. आजही भरतीच्या वेळी उमेदवाराचे दात तपासले जातात आणि 22 पैकी किमान 14 दंतगुण भरले नाहीत, तर तो अपात्र ठरतो. सेवेत असेतो 1941 साली स्थापन झालेले आर्मी डेंटल कोअर त्याची काळजी वाहते. परंतु तोच जवान पेन्शनीत निघून गावी आला, की हृदयविकाराचे वय जवळ येत असतानाच त्याच्या मुखाची वास्तपुस्त थांबते, आणि ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते.

हिरड्यांच्या जुनाट विकारात दातांच्या मुळांशी कीटण साचते, हिरडी सुटू लागते, आणि त्या पोकळीत वाढलेले जंतू चावताना किंवा दात घासताना रक्तात उतरतात. ज्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच जायबंदी झालेल्या आहेत, त्यांच्या ठायी हे जंतू झडपांवर ठाण मांडून प्राणघातक दाह उत्पन्न करू शकतात, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. हृदयविकाराच्या झटक्याविषयी मात्र तोलून बोलले पाहिजे. झटका आलेल्या रुग्णांची मुखस्थिती इतरांहून वाईट असल्याचे फिनलंडमधील संशोधकांनी 1989 साली दाखविले. 2012 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सर्व पुरावा पारखून निर्वाळा दिला, की या दोहोंचा संबंध आढळतो, पण एक दुसऱ्याचे कारण आहे, हे सिद्ध झालेले नाही.

तरीही माझा आग्रह कायम आहे, कारण हिरड्या आणि हृदय या दोहोंना पोखरणारे तंबाखू व मधुमेह हे शत्रू प्रथम मुखातच आपली खूण सोडतात. रात्रीच्या पहाऱ्यावर जडलेली चुना-तंबाखूची सवय गणवेशाबरोबर उतरत नाही. खालच्या ओठाआड ज्या जागी रोज चिमूट धरली जाते, तेथे हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडते आणि आतल्या बाजूस पांढरट, सुरकुतलेला चट्टा उमटतो. विडी ओढणाऱ्याची तर दुहेरी फसगत होते, कारण धुरामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून हिरड्यांतून रक्त येईनासे होते आणि विकार आत बळावत असता बाहेर सारे आलबेल दिसते. वारंवार सुजणारी हिरडी ही पुष्कळदा वाढलेल्या साखरेची पहिली वर्दी असते. छातीत कळ येईपर्यंत दवाखान्याची पायरी न चढणारा कणखर माणूस दाढदुखीने मात्र दंतवैद्याकडे जातो. तेथेच त्याचा रक्तदाब व साखर पाहिली गेली, तर पुढचा अनर्थ वेळीच ओळखता येईल.

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेत दंतोपचारांची तरतूद आहेच. उणीव आहे ती सक्तीच्या शिरस्त्याची. निवृत्त सैनिक दरवर्षी हयातीचा दाखला देतो. त्याच सुमारास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तालुक्याच्या गावी शिबिर भरवून त्याचे दात, रक्तदाब आणि साखर एकाच बैठकीत तपासण्याची तजवीज करावी, आणि ज्या धरणगावात पलटण उभी राहिली, तेथूनच तिचा आरंभ व्हावा. भरतीच्या दिवशी ज्याचे दात सरकारने काटेकोरपणे मोजून घेतले, त्याच्या उतारवयात ते पुन्हा पाहणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.