पगार बारा हजार, खर्च साडेसतरा हजार

कामगाराला पगार किती देता, असे विचारले तर आपले दुकानदार व कारागीर बांधव लगेच आकडा सांगतात. तोच कामगार आपल्याला एकूण कितीला पडतो, असे विचारले की मात्र उत्तर सुचत नाही. लोणावळ्याची चिक्कीची भट्टी असो, कामशेतचे वेल्डिंगचे दुकान असो की तळेगावची बेकरी, हा हिशेब बहुधा तोंडीच असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेकरीतील कारागिराला महिना १२,००० रुपये रोख मिळतात. दोन वेळचे जेवण व चहा दिवसाला १२० रुपये, म्हणजे महिना ३,६००. खोलीभाड्यातील त्याचा वाटा १,२००. ईदचे कपडे व बक्षिसी वर्षाला ८,४००, म्हणजे महिना ७००. एकूण १७,५०० रुपये झाले. यातले साडेपाच हजार कोठेच लिहिलेले नसतात.

सरकार ही मोजदाद तीन बाजूंनी करते. नोंदणीकृत कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी असते. तिच्यात वेतन, बोनस, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा व कल्याणकारी खर्च वेगवेगळे लिहावे लागतात. एप्रिल २०१७ पासून श्रमबल पाहणी घरोघरी जाऊन कमाई विचारते. तिसरी वार्षिक पाहणी कंपनी म्हणून नोंद नसलेल्या छोट्या उद्योगांची, म्हणजे आपली. तिच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशात असे ७.३४ कोटी उद्योग असून त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे काम करतात. पगारी माणसाचा सरासरी वार्षिक मोबदला सुमारे १ लाख ४१ हजार रुपये निघाला. महिन्याला हे बारा हजारांच्या आतच येते.

या पाहणीत रोख पगाराबरोबर इतर लाभांचीही नोंद होते. पण जेवण, खोली व बक्षिसी किती मालकांनी सांगितली असेल? अमेरिकेच्या कामगार खात्याची पाहणी दर तिमाहीला मालकाचा पूर्ण खर्च मोजते. तेथील खासगी क्षेत्रात त्या खर्चाचा सुमारे ३० टक्के भाग वेतनाबाहेरच्या लाभांचा असतो. आपल्याकडे हा भाग आपणच सांगितला नाही, तर तो आकड्यांत यायचा कोठून?

मालकांना भीती वाटते ती कराची आणि निरीक्षकाची. ती समजण्यासारखी आहे. परंतु २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने अशी माहिती केवळ आकडेवारीच्या कामासाठीच वापरायचे बंधन घातले आहे आणि माहिती देणाऱ्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. तेव्हा पाहणीचा माणूस दारात आला, तर 'उद्या या' म्हणून त्याला परत पाठवू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली असून केंद्राला वेतनाची किमान पातळी ठरवायची आहे. अशा वेळी छोट्या धंद्याचा खरा खर्च सरकारी कागदावर नसेल, तर मोठ्या कारखान्यांचे आकडेच आपल्या वतीने बोलतील. मग हे ओझे आपल्याला पेलत नाही, अशी तक्रार करायला आपल्या हातात पुरावा राहणार नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कामगारासाठी वहीचे एक पान ठेवा. रोख पगार, जेवण-राहणे, सणाची बक्षिसी आणि दवाखाना असे चार रकाने करा. उचल वेगळी लिहा. ती कर्ज आहे, पगार नव्हे. पावसाळ्यात शनिवार-रविवारच्या गर्दीला रोजंदारीवर घेतलेली माणसे आणि नगावर चिक्की बांधून देणाऱ्या बायका यांचीही नोंद असू द्या. घरचा मुलगा बिनपगारी गल्ल्यावर बसत असेल, तर त्याचे तासही लिहा.

मात्र ही वही रोख पगार कापण्याची सबब होता कामा नये. दोन वेळचे जेवण आजारपणात खाडे भरून देत नाही, की म्हातारपणी पेन्शन होत नाही. वही पाहिल्यावर आपण जेवणावर किती खर्च करतो आणि कामगाराच्या उद्यासाठी किती, हे आपल्यालाच दिसेल. तो दुसरा रकाना बहुतेकांच्या वहीत कोरा निघेल, आणि सुरुवात तेथूनच करावी लागेल.