सीडी नसली तर काय बिघडलं?

मंडळाच्या कार्यक्रमाचे फोटो मागितले की उत्तर ठरलेलं असतं: "आपल्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्याला कॅमेरा जोडता येत नाही." मला हे पटत नाही. कॅमेऱ्याच्या खोक्यात पूर्वी येणारी सीडी विंडोज आणि मॅकसाठी असायची हे खरं, पण फोटो उतरवून घ्यायला ती लागतच नाही.

बहुतेक डिजिटल कॅमेरे पीटीपी नावाची ठरलेली भाषा बोलतात. ती कुणा एका कंपनीची नाही. आयएसओ १५७४० या क्रमांकाचं ते जागतिक मानक आहे. लिनक्सवर ही भाषा समजून घेण्याचं काम 'लिबजीफोटो२' करतं आणि त्याच्या यादीत २५०० हून जास्त कॅमेरे आहेत. केबल लावा, कॅमेरा चालू करा, त्याच्या मेनूत पर्याय असेल तर पीटीपी निवडा आणि डिजिकॅम किंवा शॉटवेल उघडा. कॅमेरा 'बिझी' असल्याचा निरोप आला तर बहुतेक वेळा फाइल मॅनेजरनेच तो आधी पकडलेला असतो. तिथे अनमाउंट केलं की सुटतो. एवढंही नको असेल तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला. फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये असतात.

अडचणी येतातच, पण कुठे येतात ते पाहा. मोठ्या कार्डांवरची एक्सफॅट पद्धत बंदिस्त होती तोवर त्रास होता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला आणि लिनक्सच्या कर्नेलमध्येच तिची सोय झाली. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता, कुलूप दुसऱ्याने लावलं होतं.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवं वाटू नये. आम्हा मराठी ख्रिस्ती वाचकांच्या जिव्हाळ्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. शब्द आपले, पण छापण्याचं साधन आपलं नाही, अशी फादर स्टीफन्सांची गत झाली.

सुरतेत हा पैशाचाही प्रश्न आहे. उधना, लिंबायतहून येणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांकडे घरच्यांनी काटकसर करून घेतलेला जुना लॅपटॉप असतो. त्यावर लिनक्स नीट चालतं, फुकट चालतं. त्यांना "तुझ्या मशीनवर हे होणार नाही" असं सांगणं म्हणजे न तपासता दार लावून घेणं.

म्हणून मंडळाला तीन सूचना. नवा कॅमेरा घेण्याआधी लिबजीफोटो२ ची यादी पाहावी. फोटो जेपेग किंवा टिफमध्ये जपावेत, कंपनीच्या खास रॉ फाइलींच्या भरवशावर राहू नये. आणि वरच्या पायऱ्या मराठीत छापून मंडळाच्या कपाटावर चिकटवाव्यात. पुढच्या वर्षीच्या मुलांना निदान ते ठरलेलं उत्तर तरी ऐकावं लागणार नाही.