सुगंधाचा भुर्दंड त्वचेला

२०२० च्या महामारीत घरोघरी, शाळाशाळांत व कचेऱ्यांत पोहोचलेल्या सॅनिटायझरने हातांना खाज सुटली, पुरळ उठले, की दोष मद्यार्काच्या माथी मारला जातो. हा बहुधा अन्याय होय. मद्यार्काने त्वचा कोरडी पडते, भेगाळलेल्या हातांची आगही होते. परंतु खरी ॲलर्जी त्याच्यामुळे क्वचितच उद्भवते. ती उद्भवते प्रामुख्याने सुगंधी व टिकाऊपणासाठी मिसळलेल्या द्रव्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के इथेनॉल, अत्यल्प हायड्रोजन पेरॉक्साइड, १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि पाणी एवढेच आहे. ॲलर्जीच्या भीतीने सुगंध तेथे वर्ज्य मानला आहे. पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून केलेल्या चाचणीत अपराधी घटक सापडू शकतो. परंतु बाटलीवर केवळ 'सुगंध' एवढेच छापलेले असेल, तर त्या निदानाचा रुग्णाला उपयोग काय? युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांतील २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक मर्यादेबाहेर असल्यास त्यांची नावे छापणे २००५ पासून बंधनकारक केले. आपल्याकडेही सॅनिटायझरच्या प्रत्येक बाटलीवर सर्व घटकांची नावे असावयास हवीत. हात स्वच्छ ठेवा, असे नागरिकांना बजावणाऱ्या शासनाने एवढी दक्षता घेणे अगत्याचे आहे.