पगार वाढला की माग बंद पडतात?

“पगार वाढवा म्हणाल तर माग भंगारात जातील,” हे वाक्य मी मालेगावात लहानपणापासून ऐकतोय. माझे अब्बा यंत्रमागावर होते. मजुरी मीटरवर. वीज गेली की माग थांबायचा, मजुरीही थांबायची. पगार काही वाढला नाही, तरी माग भंगारात गेलेच. सुताचे भाव, विजेचे बिल आणि मंदी यांनी ते नेले.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी बदलताना पगार वाढवून मागतो, कारण हातात दुसरी ऑफर असते. अब्बांच्या डोक्यावर शेठची उचल होती. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नव्हते, आणि गेले तरी दर तोच. अशा ठिकाणी मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरत नाही, मजुराच्या नाइलाजाने ठरते. तिथे किमान वेतन बेताने वाढले, तर माणसे कमी करावी लागतातच असे नाही. मालकाचा नफा थोडा घटतो.

बांगलादेशच्या कपडे शिलाई उद्योगाकडे बघा. तिथले किमान मासिक वेतन 2006 मध्ये 1,662 टका होते. 2010 मध्ये ते 3,000, 2013 मध्ये 5,300 आणि 2018 मध्ये 8,000 झाले. महागाईने त्यातले बरेच खाल्ले, हे खरे. पण दर वेळी धंदा बुडण्याची भीती घातली गेली, आणि 2010 ते 2018 मध्ये निर्यात दुपटीच्या वर गेली. वेतनामुळे निर्यात वाढली असे मी म्हणत नाही. धंदा बुडाला नाही, एवढेच म्हणतो.

एका रात्रीत वेतन दुप्पट केले तर चार मागांचा छोटा मालक मोडेल, हे मान्य. म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने हवी, आणि व्यापारी त्याला देतो तो दरही सोबत वाढायला हवा.

आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा 1948 पासून आहे. त्याहून कमी पैशांत राबवून घेणे ही घटनेच्या कलम 23 खाली वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. मग आपल्या गल्लीत वेगळा कायदा का?

शिकलेल्या मुलांनो, घरातल्या माणसाचे तास आणि मीटर वहीत लिहा. कामगार कार्यालयातून सरकारी दर आणा. दोन्ही आकडे शेठसमोर ठेवा. ते आपल्याच मोहल्ल्यातले, जुम्म्याला शेजारी उभे राहणारे आहेत, म्हणून आजवर आपण गप्प राहिलो. खरे तर म्हणूनच त्यांच्याशी आधी बोलायला हवे.